गिरिजाचे तीन

हिरव्या ठिपक्याचा चेंडू गवतात नीट बसला होता—फार रुतलेला नाही, फार उघडाही नाही—आणि त्याच्यापुढे थेट झेंड्यापर्यंत एक झाड नाही, वाळूचा खड्डा नाही, पाणी नाही, काही म्हणजे काही आड येत नव्हतं. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. तरी गिरिजानं वाकून तो उचलला, पँटला पुसला, खिशात टाकला आणि ती चालू लागली, कारण बऱ्याच पुढे भाटियासाहेबांचा चेंडू पडला होता आणि आता तिघांनीही तिथूनच मारायचं होतं.

"माझा घ्यायचा का?" असं तिनं विचारलं होतं. हळूच, दुकानात भाव विचारावा तसं.

"पुढच्या होलवर," यतीन म्हणाला. "साहेबांचा बघ ना कुठं गेलाय. हा सोडायचा? पागल आहेस का?"

"सॉरी," ती म्हणाली. कशाबद्दल, ते तिलाही सांगता आलं नसतं.

गोल्फच्या या प्रकाराचं हे असंच असतं. स्क्रॅम्बल म्हणतात याला. संघातल्या प्रत्येकानं चेंडू मारायचा, मग सगळ्यांनी मिळून कुणाचा सगळ्यात बरा पडलाय ते ठरवायचं, आणि बाकीच्यांनी आपापले चेंडू मुकाट्यानं उचलून त्या जागी यायचं. तिथून पुन्हा सगळ्यांनी मारायचं, पुन्हा एकाचा निवडायचा, पुन्हा उचलायचे… चेंडू भोकात जाईपर्यंत. परवा सकाळी लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये, ओट्याशी उभं राहून, यतीननं हे तिला चहाचा कप, बिस्किटांचा डबा आणि मिठाची बाटली मांडून समजावून सांगितलं होतं. मिठाची बाटली म्हणजे गिरिजा. "यात मजा अशी, की तुझा शॉट वाईट गेला तरी टीमचं काही बिघडत नाही," तो म्हणाला. आणि चांगला गेला तर?—हे तिच्या अगदी ओठावर आलं होतं, पण तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि ती गॅस बारीक करायला वळली.

"फक्त एक लोचा आहे," यतीन पुढे म्हणाला होता. प्रत्येक खेळाडूचा पहिला फटका अठरापैकी निदान तीन होल्सवर घ्यावाच लागतो, नाहीतर टीम बाद. नाहीतर काय होईल, की दोन तगडे गडी सगळं उरकून टाकतील आणि तिसरा नुसता उन्हात फिरून घरी जाईल. "म्हणजे गिरिजाचे तीन कुठं खपवायचे, तेवढं बघायचं."

खपवायचे. कालच्या पोळ्या खपवतात. फोडणीची पोळी करून, वर कोथिंबीर पेरून, कुणाला पत्ता लागू न देता. तो कुजकेपणानं म्हणाला नव्हता, तीही हसली होती. यतीनचं हेच तर अवघड आहे—बाई गं, हा माणूस कधी कुजकेपणानं काही बोलतच नाही, त्यामुळे नेमकं कुठं लागलं ते दाखवायला आपल्याकडे काही उरत नाही. चांगला आहे. वीस वर्षं झाली, एकदा सोडलं तर आवाज चढवून बोलला नाही. घरी येताना आठवणीनं मोगऱ्याचा गजरा आणतो, दिल्लीत मोगरा मिळवायला किती हिंडावं लागतं ते तिला ठाऊक आहे.

भाटियासाहेबांनी मारलं, यतीननं मारलं, तिनं मारलं. यतीनचा घेतला. तिनं आपला उचलला.

फेब्रुवारी सरत आला होता. गुरुग्रामच्या उंच इमारती मागे धुरकटलेल्या उभ्या होत्या आणि अलीकडे काटेसावर लालभडक फुलली होती. सुधन्वा लहान असताना त्याला तिनं हे झाड दाखवलं होतं, काटेसावर म्हण, तर तो म्हणाला होता, मम्मा, ये तो सेमल है. आता हॉस्टेलवर असतो. सकाळी त्याचा मेसेज आला होता, 'आई जीतके आना, पार्टी बिल्कुल पक्की.' बारावीच्या वर्षी हाच मुलगा परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडला होता आणि त्याच महिन्यात तिची बढती आली होती. नागपूर. तेव्हा तिनं लिहून दिलं—कौटुंबिक अडचणीमुळे मी ही बढती स्वीकारू शकत नाही. सरकारात याला फोरगो करणं म्हणतात. एकदा फोरगो केलं की वर्षभर पुन्हा विचार होत नाही, आणि मागचे पुढे निघून जातात. गेले. तिनं शिकवलेला एक पोरगेला इंजिनियर आज तिच्या फायलीवर शेरे मारतो, आणि वर 'मॅडम, आपने ही तो सिखाया है' असंही म्हणतो.

आता पुन्हा आलं होतं. पुन्हा नागपूरच. नद्यांच्या पाण्याची मोजणी करणारं प्रादेशिक ऑफिस, त्याची प्रमुख. वैनगंगेवरची, वर्धेवरची सगळी केंद्रं तिच्या हाताखाली. चौदा वर्षं ती दिल्लीत बसून दुसऱ्यांनी मोजलेलं पाणी तक्त्यात भरत आली होती. नदीकाठी उभं राहून शेवटचं कधी मोजलं होतं ते आठवायलाही तिला थांबावं लागलं. जायचं की नाही ते उद्या सोमवारी लेखी कळवायचं होतं. यतीननं ऐकलं, मान हलवली, आणि म्हणाला, "अच्छा है यार. पण एवढ्यात कशाला? दोन वर्षांत दिल्लीतच काहीतरी निघेल. पुढच्या वेळी बघू." मग अगदी प्रेमानं, "तू टेन्शन घेऊ नको, फोरगोचं मी ड्राफ्ट करून देतो." ड्राफ्ट तो सुरेखच करतो, अख्ख्या मंत्रालयात नाव आहे. ती नाही म्हणाली नव्हती. हो पण म्हणाली नव्हती. विचार करत्येय एवढंच ती म्हणाली होती आणि त्यानं ते बहुधा हो म्हणूनच धरलं होतं.

"भाभीजी, किधर खो गये?" भाटियासाहेब हाक मारत होते. यतीनचे ते साहेब. ऑफिसच्या बैठकीत समोरासमोर आले तर तिला व्यवस्थित मॅडम म्हणतात, मैदानावर भाभीजी. यतीनची फाईल त्यांच्याकडे आहे, म्हणून तो त्यांच्या प्रत्येक फटक्याला चेंडू हवेत असतानाच वाहवा सुरू करतो. पण खरं बोलायचं तर साहेब खेळतातही झकास. आज त्यांचा हात लागला होता, आणि मागच्या वर्षी एका फटक्यानं हुकलेली आंतर-मंत्रालय स्पर्धेची ढाल या वर्षी आपल्याच मंत्रालयाकडे येणार असा रंग दिसत होता.

"सॉरी सर," म्हणत ती पुढे झाली.

तिचे तीन खपवण्याची योजना यतीननं पक्की आखली होती. या मैदानावर चार आखूड होल्स आहेत. तिथं ताकद लागत नाही, सरळ मारलं की झालं, आणि सरळ मारणं गिरिजाला जमतं. चारांतले तीन तिचे घेऊन टाकायचे, बाकी सगळीकडे आपण दोघं. पण पहिल्याच आखूड होलवर भाटियासाहेबांचा चेंडू झेंड्यापासून हातभर अंतरावर जाऊन थांबला. हा कसा सोडणार? दुसऱ्यावर तिचा घेतला. तिसऱ्यावरही. चौथ्यावर तिचा चेंडू छान हिरवळीवर होता, पण यतीनचा तिच्याही पुढे, आणि स्वतःच्या त्या फटक्यावर तो इतका खूश झाला होता, शाळेतल्या पोरासारखा, की तिलाच म्हणावंसं वाटलं—घे बाबा, तुझाच घे. "एकच तर राहिलाय," तो म्हणाला, "पुढे कुठंही टाकू." आणि मग पुढे प्रत्येक होलवर साहेबांचा चेंडू असा काही जात राहिला, की पुढच्यावर, पुढच्यावर, असं करत करत…

बुधवारी ती एकटी खेळते. ऑफिसच्या आधी, उजाडता उजाडता, सरकारी कर्मचाऱ्यांना सवलत असलेल्या एका लहानशा मैदानावर. तिथं साधा हिशेब. स्ट्रोक प्ले. आपला चेंडू आपण मारायचा, जिथं पडेल तिथून पुन्हा आपणच, आणि भोकात जाईपर्यंत जितके फटके लागतील तितके सगळे मोजायचे. झुडपातला मोजायचा, हवेतून नुसताच फिरलेलाही मोजायचा. कुणी माफ करत नाही. पहिल्यांदा पूर्ण अठरा होल्स खेळली तेव्हा आकडा लाज वाटावी असा आला होता, आणि तरी बसमध्ये ती एकटीच हसत होती, शेजारची बाई वळून बघेपर्यंत. मी मारले होते ते सगळे. एकूण एक माझे.

यतीनबरोबर खेळते तेव्हा मॅच प्ले. एकास एक, होल जिंकला की हरला एवढंच. त्यात समोरच्याला फटका सोडता येतो. चेंडू भोकाजवळ आला की यतीन लांबूनच ओरडतो, "दिला, उचल!" तो देतोच. खूप देतो. ती उचलते, आणि ते छोटे, मनगट थरथरवणारे फटके तिला कधी मारायलाच मिळत नाहीत, म्हणून ते तिला अजून येत नाहीत.

एकदाच फक्त… नवराबायकोंची स्पर्धा होती ती, फोरसम्स. दोघांत एकच चेंडू, आणि आळीपाळीनं मारायचा. तिनं तो वाळूत घातला, यतीननं खणून काढला. यतीननं पाण्याच्या कडेला नेऊन ठेवला, तिनं बूट भिजवून बाहेर काढला. तू ठेवलास तिथून मी, मी ठेवला तिथून तू. शेवटून दुसरे आले. परतताना धौला कुआँपर्यंत दोघं कडाकडा भांडले, तू असा का मारलास, मग तू तसा का ठेवलास, तिचा आवाज त्याच्याहून वर गेला होता. मग सरोजिनी नगरच्या मार्केटात गाडी थांबवून आलू टिक्की खाल्ली, आणि चटणी तिखट लागून दोघांच्याही डोळ्यांतून पाणी आलं. हसू की रडू असं झालं होतं. त्या दिवसाइतका यतीन तिला नंतर कधी आवडला नाही. पुन्हा त्या स्पर्धेला जाऊ म्हटलं तर म्हणाला, "छे, तो फॉरमॅट आपल्याला सूट होत नाही."

सतरावं होल झालं. साहेबांचा घेतला. यतीन कार्ड भरत चालला होता, आणि चालता चालता एकदम थांबला.

"गिरिजा. तुझे किती झाले?"

"दोन."

"तीन झाले ना?"

"दोनच झाले, यतीन."

त्यानं कार्डावर बोट फिरवलं. वरून खाली, मग खालून वर. दोनच होते. फक्त अठरावं होल उरलं होतं. या मैदानावरचं सगळ्यात लांब, डावीकडे भलं मोठं तळं, उजवीकडे बाभळीसारख्या काटेरी कीकरचं रान. आणि आता तिथं भाटियासाहेबांनी मारलेलं चालणार नव्हतं, यतीननं मारलेलं चालणार नव्हतं. गिरिजाचा चेंडू जिथं पडेल, तिथंच सगळ्यांना जावं लागणार होतं. यतीनचा चेहरा असा झाला, की तिला त्याची दया आली. खरंच आली. जिथं सहज घेता आला असता तिथं घेतला नाही, आणि आता जिथं घ्यायला नको तिथं घ्यायची पाळी. कुणी सांगितलं होतं पुढच्यावर, पुढच्यावर करायला?

साहेबांना त्यानं हिंदीत समजावून सांगितलं. ते मोठ्यांदा हसले. "नो टेन्शन, भाभीजी. बस सीधा रखना." आणि स्वतःचा फटका मोजला जाणार नाही हे ठाऊक असून ते टी-वर, पहिल्या फटक्याच्या जागी, उभे राहिले आणि त्यांनी मारला, नुसता हौसेखातर. दिवसातला सगळ्यात देखणा फटका. चेंडू मैदानाच्या मधोमध, दूर, एका टिटवीच्या पुढ्यात जाऊन पडला आणि टिटवी ओरडत उडाली. यतीननं तर मारलंच नाही.

"सात नंबर घे," तो तिच्या कानाशी येऊन म्हणाला. "लांब जाऊ देऊ नको, फक्त सरळ. हळू. तू तुझा तो बुधवारचा मारतेस ना, तसाच."

बुधवारचा कसा मारते ते त्याला काय माहीत? तो कधी आलाच नाही बुधवारी. तिनं पिशवीतून सात नंबर काढला. सात नंबर म्हणजे शहाणपणा; थोडं पुढे जाईल, कुणाचं काही बिघडणार नाही. काठी हातात हलकी लागली. मिठाची बाटली… फोडणीची पोळी… पुढच्या वेळी बघू… आणि मग तिच्या हातांनी ती काठी परत पिशवीत घातली आणि ड्रायव्हर काढला, सगळ्यात लांब मारायचा, एवढ्या शांतपणे, जणू आधीच ठरलं होतं.

"अगं—" यतीन म्हणाला.

तिनं मारला.

आवाज चांगला झाला. चेंडू वर गेला, सरळ गेला, खूप गेला—साहेबांच्या तोंडून "अरे वाह" पण निघालं—आणि मग वरच्या वर उजवीकडे वळायला लागला, लाडावलेल्या पोरासारखा, वळत वळत कीकरच्या रानात शिरला. झाडांत दोनदा टकटक झालं. मग काही नाही.

"बाहर तो नहीं गया?" साहेबांनी विचारलं.

"अंदर है," पिशव्या वाहणारा कॅडी म्हणाला. "मिल जायेगा."

तिघं निघाले. वाटेत भाटियासाहेब त्या मधोमध पडलेल्या चेंडूपाशी थांबले, त्याच्याकडे नीट बघितलं, आणि कमरेवर हात ठेवून, जड अंगानं वाकून त्यांनी तो उचलला. दिवसभरात गिरिजानं त्यांना असं वाकलेलं पाहिलं नव्हतं. चेंडू त्यांनी खिशात टाकला आणि मुकाट्यानं तिच्या मागून यायला लागले.

रानात कुणी सहसा जात नाही. कुसळं पायाला चिकटत होती, साहेबांची पांढरी पँट गुडघ्यापर्यंत काटेरी झाली, यतीनची टोपी एका फांदीनं काढून घेतली. हिरव्या ठिपक्याचा चेंडू सापडला तो एका कोरड्या नाल्याच्या काठावर, वाळक्या शेंगांत अर्धा बुडालेला. पुढे फांद्या. फांद्यांमधून झेंडा दिसत होता, पण कसाबसा.

ती नाल्याकडे बघत राहिली. पलीकडच्या झाडांच्या खोडांवर छातीएवढ्या उंचीला काटक्या, पॉलिथिन, वाळकं गवत अडकून एकसारखी रेघ झाली होती. तिथं मैदानात सगळे वर्षभर खेळतात, आणि मागच्या पावसाळ्यात इथून एवढं पाणी वाहून गेलं, ते तिथून कुणालाच दिसलं नसेल. उतार किती, पात्र किती रुंद, वेग काय असेल… तिच्या डोक्यात आकडे आपोआप मांडले जायला लागले. किती दिवसांनी. तिला स्वतःचाच राग आला, एवढं साधं हवं होतं मला, आणि ते मी मागायलासुद्धा घाबरत होते.

यतीन तिच्याकडे बघत होता. कशाची तरी वाट बघत. तिला कळलं, तो 'सॉरी'ची वाट बघतोय. सकाळपासून तिनं इतक्यांदा म्हटलं होतं, की आता तर ते यायलाच हवं होतं. तिनं तोंड उघडलं.

"इथून पाणी गेलंय," ती म्हणाली. "छातीएवढं."

"काय?"

"त्या झाडांवर बघ."

त्यानं बघितलं. त्याला काही दिसलं नसावं. पण त्यानं बघितलं, बराच वेळ, टोपी हातात धरून, आणि मग तो तिच्याकडे वळला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर हिशेब नव्हता. नुसताच दमलेला, पन्नाशीला आलेला यतीन होता. त्याला विचारावंसं वाटतंय, असं तिला वाटलं. उद्याचं. त्यानं विचारलं नाही.

"उचल," तो सवयीनं म्हणाला. "मी खूण करतो, मग आपण तिघं—"

"हा उचलायचा नाही," ती म्हणाली. "हाच आहे."

ते खरंच होतं. ज्याचा घेतला त्यानं आपला चेंडू उचलायचा नसतो. पडला तसाच मारायचा. मघाचे तिचे दोन घेतले होते ते हिरवळीवर, आणि तिथं तर सगळेच खूण ठेवून उचलतात. म्हणजे आज पहिल्यांदा आपला चेंडू जागचा हलणार नाहीये, हे तिच्या आत्ता लक्षात आलं. सकाळचा तो कसा होता, गवतात नीट बसलेला, काहीच न चुकलेला, तो उचलला. आणि हा. याचं सगळंच चुकलं होतं.

भाटियासाहेबांनी आपला चेंडू तिच्या चेंडूशेजारी शेंगांत ठेवला, यतीननंही ठेवला. तीन चेंडू, आणि तिन्हींना तीच अडचण. उद्या काय कळवायचं ते तिला अजूनही ठाऊक नव्हतं. कदाचित जाणार नाहीही. यतीनचे हे पिकायला लागलेले केस, सुधन्वाच्या सुट्ट्या, सगळं होतंच की. पण जे काही लिहायचं त्याचा ड्राफ्ट यतीननं करायचा नाही, एवढं तिला माहीत झालं होतं, आणि ते कधी माहीत झालं ते काही केल्या आठवेना.

तिनं सात नंबर मागून घेतला. शेंगा पायानं न हलवता, होत्या तशाच ठेवून, ती चेंडूशी उभी राहिली.

"आधी मी मारते," ती म्हणाली. "तुम्ही दोघं जरा मागे सरका."